जाळे : कोळ्याचे आणि माणसाचे

साहित्यात प्राणी येतात ते क्वचितच स्वतःसाठी येतात. माणूस त्यांना साक्षीला बोलावतो. सिंह राजाच्या बाजूने बोलतो, कोल्हा धूर्ताच्या, मुंगी कष्टाळूच्या. कोळी हा मात्र प्रत्येक पक्षाने आपापल्या बाजूने उभा केलेला साक्षीदार आहे. उपनिषदकारांनी त्याच्याकडून विश्वाची उत्पत्ती वदवली. बौद्ध परंपरेत तो तृष्णेचे बंधन सांगतो. शाळेच्या पुस्तकात तो चिकाटी शिकवतो. आधुनिक कवितेत तो सावकार झाला, पुढारी झाला, व्यवस्था झाला. आपल्या लेखनातही ‘जातीचे जाळे’ हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे, की तो लिहिताना कोणाचा हात थांबत नाही.

तो थांबायला हवा. जाळे म्हटले की चार प्रश्न उभे राहतात : ते कोणी विणले, त्यात कोण अडकले, ते कोणाच्या घरात आहे आणि ते झाडायला कोणाला बोलावले जाते? या प्रश्नांची उत्तरे न देता वापरलेले प्रतीक आपले राहत नाही. ज्याने ते पहिल्यांदा घडवले त्याचीच चाकरी करत राहते. म्हणून प्रस्तुत लेखात आधी शब्द, मग रानातला कोळी, मग घरातला आणि शेवटी काव्यातला, अशा क्रमाने पाहायचे आहे.

एक : नावे

मराठीने या प्राण्याला दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. कोळी म्हणजे पाण्यात जाळे टाकणारा माणूस आणि भिंतीवर जाळे विणणारा प्राणी. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी नोंदलेला आहे. कोष्टी म्हणजे विणकर; खेड्यापाड्यांत या प्राण्यालाही कोष्टी म्हणतात. कातीण म्हणजे कातणारी. तिन्ही नावे कामाची आहेत. ज्या माणसांनी ही भाषा घडवली त्यांना त्या प्राण्यात आपल्यासारखेच कोणीतरी कामाला लागलेले दिसले.

संस्कृतातही ‘तंतुवाय’ हा शब्द विणकराला आणि कोळ्याला दोघांनाही चालतो. पण तत्त्वज्ञानाने उचलला तो ‘ऊर्णनाभि’, म्हणजे ज्याच्या बेंबीतून लोकर निघते तो. एका शब्दाला श्रम दिसले, दुसऱ्याला आपोआप होणारी निर्मिती दिसली. पुढे काव्यात जो फरक पडला त्याचे मूळ इथेच आहे.

अर्थात कामाच्या नावाला दुसरी बाजूही आहे. आपल्या समाजात कामाचे नाव कामापुरते राहिले नाही. ते जन्माला चिकटले. जाळे टाकणाऱ्याचा मुलगा जाळे टाको वा न टाको, तो कोळीच. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या ग्रंथात जातिव्यवस्था ही श्रमांची नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे दाखवून दिले ते याच संदर्भात. प्राण्याचे नाव आणि जातीचे नाव एक झाले, की ऐकणाऱ्याच्या मनात नकळत एक समीकरण तयार होते : कोळ्याचे विणणे जसे उपजत, तसा जातीचा धंदाही उपजत. हे समीकरण खरे आहे काय, हे ठरवायला प्रत्यक्ष कोळी पाहावा लागेल.

दोन : रान

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके म्हणजे एका मुलखात तीन मुलूख आहेत. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि त्याच्याखालची जमीन बागाईत झाली. पुढे वालचंदनगर, माळेगाव, भवानीनगर इथे साखर कारखाने उभे राहिले. जिथे कालव्याचे पाणी पोहोचले नाही तिथे माळ राहिला : कुसळी गवत, बोर, बाभूळ. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापूर तालुक्यातले कडबनवाडीचे गवताळ रान ही त्या माळाची शिल्लक होय. भीमेच्या बाजूला उजनीचा फुगवटा आहे. धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. पाणी खूप उतरले की तिथल्या देवळाचे शिखर अजून वर येते. ऊस, माळ आणि फुगवटा, तिन्हीकडे कोळी आहे. मात्र तो एकच नाही.

मुळात कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय आणि शरीराचे तीन भाग असतात; कोळ्याला आठ पाय आणि दोन भाग. त्याला पंख नाहीत. विंचू आणि गोचीड हे त्याचे भाऊबंद. जगात नोंदलेल्या कोळ्यांच्या जातींची संख्या २०२२ मध्ये ५०,००० च्या पुढे गेली. आपल्याकडे या प्राण्याचा पद्धतशीर अभ्यास रुजवण्यात बी. के. टिकादर यांचा वाटा मोठा. पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात त्यांनी काम केले आणि १९८७ मध्ये त्यांचा भारतीय कोळ्यांवरचा संदर्भग्रंथ प्रसिद्ध झाला.

कोळ्याच्या पोटाच्या टोकाशी सूत सोडणारी बारीक बोंडे असतात. आतला द्रव ओढला गेला की त्याचा धागा होतो. हा धागा प्रथिनांचा असतो आणि वजनाच्या मानाने पोलादापेक्षा मजबूत भरतो. एकाच कोळ्याजवळ निरनिराळ्या कामांचे निरनिराळे धागे असतात : चालताना मागे सोडायचा, भक्ष्य गुंडाळायचा, अंडी झाकायचा. बांधावरच्या झुडपात दिसणारे चाकासारखे जाळे घेतले, तर त्यातल्या आऱ्या चिकट नसतात. त्यांवरून फिरणारा वेटोळा धागा चिकट असतो. धूळ बसली, दव पडले, की चिकटपणा जातो. मग पुष्कळ कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्याच ऐवजातून नवे विणतात. हे सगळे त्याला कोणी शिकवत नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू पहिल्याच प्रयत्नात आपल्या जातीचे जाळे विणते.

इथे आपल्या समीकरणाचे उत्तर मिळते. कोष्ट्याच्या मुलाला मागावर बसवून वर्षानुवर्षे शिकवावे लागते. त्याला कोणी शिकवले नाही तर त्याला विणता येत नाही. आणि दुसऱ्या कोणालाही शिकवले तर त्याला येते. कोळ्याची ‘जात’ निसर्गात आहे, कोष्ट्याची नाही.

शिवाय सगळे कोळी जाळे विणून शिकार करतात, हेही खरे नाही. उसाच्या सरीत, पाचटाखाली धावून भक्ष्य पकडणारे कोळी आहेत. त्यांची मादी अंड्यांची पांढरी गोळी पोटामागे बांधून हिंडते, आणि पिल्ले निघाली की ती सगळी पाठीवर घेऊन फिरते. फुलात दबा धरून बसणारे कोळी आहेत. भिंतीवरून उडी घेऊन माशी धरणारे आहेत. म्हणजे कपटाने जाळे पसरून बसलेला, फुकट खाणारा कोळी ही आपल्या कवितेतली मूर्ती त्या साऱ्या कुळाला लागू पडत नाही.

माळावरच्या बोरी-बाभळीवर मळकट, पालापाचोळा गुंतलेले, मुठीएवढे किंवा त्याहून मोठे घरटे कधीकधी दिसते. ते एकत्र राहणाऱ्या कोळ्यांचे असू शकते. स्टेगोडायफस सारासिनोरम हे त्यांचे शास्त्रीय नाव. बहुतेक कोळी एकमेकांना खातात. हे मात्र शेकड्यांनी एकत्र राहतात, एकत्र जाळे राखतात, आपल्याहून कितीतरी मोठा नाकतोडा मिळून ओढतात आणि वाटून खातात. पिल्ले मोठी होताना शेवटी आईचेच शरीर खातात. गंमत अशी, की जीवशास्त्राने राणी मुंगी आणि कामकरी मुंगी यांच्यासाठी ‘कास्ट’ हा आपल्या जातीला लावला जाणारा इंग्रजी शब्द उचलला. पण या समाजशील कोळ्यांत तशा जन्मजात ‘कास्टी’ आढळत नाहीत. यावरून समतेचा धडा काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. मुंगीवरून विषमता सिद्ध होत नसेल तर कोळ्यावरून समताही सिद्ध होत नाही. समतेला निसर्गाचे प्रमाणपत्र लागत नाही.

फुगवट्याच्या काठी हिवाळ्यातल्या सकाळी गवतावर चमकणारे सुटे धागे दिसतात. लहान कोळी गवताच्या शेंड्यावर चढून धागा सोडतो आणि वाऱ्याबरोबर निघून जातो. हवेतला विद्युतभारही त्याला उचलायला मदत करतो, हे २०१८ च्या एका प्रयोगात दिसले आहे. पंख नसलेला प्राणी असा मुलूख ओलांडतो.

आता शेतीचा प्रश्न. कोळी पिकावरचे किडे खातो, म्हणून तो शेतकऱ्याचा मित्र आहे. २००२ पासून पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हा तो आटोक्यात येण्यात मित्रकिडींचा मोठा वाटा होता. कोळ्याचे कामही त्याच प्रकारचे. पण भाषेचा एक घोटाळा इथे आडवा येतो. डाळिंबावर, द्राक्षावर, वांग्यावर पडणाऱ्या बारीक तांबड्या किडीला शेतकरी ‘लाल कोळी’ म्हणतो आणि दुकानातून ‘कोळीनाशक’ आणतो. ही कीड गोचिडीच्या कुळातली आहे, कोळी नव्हे. नाव एक झाल्यामुळे मित्र आणि शत्रू एकाच पिशवीत पडतात. पाचट पेटवले की उरलेसुरलेही जळतात. पाचट सरीत राखले तर त्यांना आसरा मिळतो.

आणि फवारा पाठीवर कोणाच्या असतो? बहुधा ज्याचे पीक आहे त्याच्या नसतो. तो रोजंदारीवर आलेल्या माणसाच्या पाठीवर असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोळ्याला मारणारे विष आणि फवारणाऱ्याला मारणारे विष एकाच डब्यातले असते. रानातल्या कोळ्याविषयी लिहिताना आपल्या लेखकाने हा माणूस विसरू नये.

तीन : घर

घरात कोळी आला की त्याचे नाव बदलते. त्याची आठवण जाळ्याने नव्हे, जळमटाने निघते. जळमट म्हणजे टाकून दिलेले, धुळीने काळवंडलेले जाळे. आढ्याच्या कोपऱ्यात लांब काटकुळ्या पायांचा, धक्का लागताच थरथरणारा कोळी असतो. रात्री भिंतीवर पंजाएवढा चपटा कोळी धावतो; त्याची मादी अंड्यांची पांढरी चकती छातीखाली धरून असते. लहान मुले तिला पाहून किंचाळतात, पण ती झुरळे मारते. बहुतेक कोळ्यांना भक्ष्यापुरते विष असते. आपल्या घरातल्या कोळ्यांपासून माणसाच्या जिवाला भय नाही.

अंगावर पाण्याने भरलेले पुरळ उठले, की ‘कोळी मुतला’ म्हणण्याची रीत आहे. कोळ्याच्या मुताने असे काही होत नाही. कधी ती नागीण असते, आणि नागीण विषाणूमुळे होते. कधी दिव्याभोवती येणारा एक बारीक लांबट भुंगा अंगावर चिरडला गेल्याने कातडी भाजते. या समजुतीपायी उपचार लांबतात आणि गंडेदोरे सुरू होतात. ज्या वस्तीत दवाखाना लांब आणि भगत जवळ, तिथे हा निव्वळ गमतीचा विषय नाही.

जळमट हे सुधारकी लेखनातले आवडते रूपक आहे. बुद्धीवरची जळमटे, रूढींची जळमटे, परंपरेची जळमटे झाडून टाका, असे आपण शाळेपासून ऐकतो. पण झाडतो कोण? घटस्थापनेआधी घराघरांत साफसफाई निघते. वेळूच्या काठीला केरसुणी बांधून आढे झाडतात. माझी आजी दुसऱ्यांच्या गोठ्यात कामाला जाई. माजघराची जळमटे घरच्या सुना काढत, गोठ्याची आजी काढी. जळमटांनाही उंबरठा होता. आणि ती केरसुणी शिंदीच्या पानांची, मांगवाड्यात वळलेली. लक्ष्मीपूजनाला तिच्यावर हळदकुंकू वाहायचे आणि ती वळणाऱ्याला दारात उभे ठेवायचे, हा आपल्या संस्कृतीचा हिशेब. रूपकातली केरसुणी हातात घेणाऱ्या सुधारकाला ती कोणी वळली याची आठवण फारशी झाली नाही.

आणखी एक गोष्ट. जळमट जमायला आधी छप्पर स्थिर लागते. कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात आणि पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्यांत राहतात. हंगाम संपला की कोपी मोडते. तिथे कोळी येतो, जाळेही विणतो. पण त्याचे जळमट होईपर्यंत घरच उरत नाही. जळमट म्हणजे भूतकाळ, जळमट म्हणजे पडका वाडा, ही प्रतिमा ज्यांच्याकडे वाडा होता त्यांची आहे. आपल्यातला एखादा विद्यार्थी कवितेत आपल्या ओसाड वाड्यातल्या जळमटांवर हळहळतो, तेव्हा त्याला विचारावेसे वाटते, की बाबा रे, आपला वाडा कुठला?

चार : काव्य

मुंडकोपनिषदात कोळ्याचा दृष्टांत आहे. कोळी जसा आपल्यातून जाळे सोडतो आणि परत घेतो, तसे अक्षर तत्त्वापासून हे विश्व निघते, असा त्याचा आशय. दृष्टांत घडवणाऱ्याने कोळी नीट पाहिला होता, हे मान्य करावे लागेल. कोळी जाळे खरोखरच परत पोटात घेतो. पण त्या दृष्टांतात एक गोष्ट नाही. त्यात माशी नाही. जाळे आहे, जाळ्याचा कर्ता आहे, आणि त्यात अडकून मरणारा जीव वगळला आहे. विश्व हे असे सुंदर विणलेले जाळे आहे, हे वरून पाहणाऱ्याला दिसते. मधल्या चिकट धाग्यावर जो आहे त्याचे तत्त्वज्ञान वेगळे असते.

धम्मपदाच्या तृष्णावर्गातही कोळी आहे. रागात रमलेली माणसे स्वतःच केलेल्या जाळ्यात कोळ्यासारखी पडतात, आणि शहाणे ते तोडून निघून जातात, असा तिथला आशय. इथे जाळे विश्व नाही, बंधन आहे. आणि ते तोडता येते. दीघनिकायातल्या पहिल्या सुत्ताचे नावच ब्रह्मजाल. तिथे जाळे मासे धरणाऱ्या माणसाचे आहे, आणि आत्मा व जग यांविषयीच्या ६२ मतांत गुंतलेले लोक त्या जाळ्यातल्या माशांसारखे सापडतात. उपनिषदाने जाळ्याचा कर्ता पाहिला. बुद्धाने अडकलेला पाहिला.

तथापि आपण बौद्धांनीही हे प्रतीक उचलताना सावध असावे. तृष्णेचे जाळे ज्याचे त्याने विणलेले असते. जातीचे जाळे तसे नाही. ज्याला पाणवठ्यावरून हाकलले त्याला ‘तुझे जाळे तूच विणलेस’ म्हणणे हा धम्म नव्हे, तो पूर्वकर्माचा जुनाच सिद्धान्त नव्या वेषात होईल. पण उलट बाजूही सांगितली पाहिजे. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिच्यात प्रत्येकाच्या हाती खालच्याला बांधणारा एखादा धागा दिलेला असतो. पोटजात पाहून सोयरीक करणारा, शेजारच्या वस्तीतल्या दुसऱ्या दलित जातीला कमी लेखणारा आपल्यातला माणूस तेवढ्यापुरता स्वतःच्याच जाळ्यात पडलेला कोळी असतो. त्याच्यापुरता धम्मपदाचा दृष्टांत तंतोतंत खरा आहे.

शाळेत आपण रॉबर्ट ब्रूस राजाची गोष्ट वाचतो. हरलेला राजा गुहेत कोळ्याची धडपड पाहतो, त्याला उमेद येते, तो पुन्हा लढतो आणि जिंकतो. ही स्कॉटिश गोष्ट वॉल्टर स्कॉटने १८२८ च्या आसपास लोकप्रिय केली. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ती हमखास ऐकवली जाते : कोळ्यासारखा प्रयत्न कर. उपदेश वाईट नाही. आपण सगळे त्यावरच इथवर आलो. पण त्या गोष्टीतला कोळी स्वतःहून घसरतो. त्याचा धागा रोज सकाळी कोणी काठीने तोडत नाही. ज्याचे जाळे दुसऱ्याच्या केरसुणीने मोडते त्याला नुसती चिकाटी सांगणे म्हणजे केरसुणी धरलेला हात झाकणे होय.

या सगळ्यांत आपल्याला सर्वांत जवळची वाटावी अशी गोष्ट ग्रीकांची आहे. रोमन कवी ओव्हिडने ती सुमारे २,००० वर्षांपूर्वी विस्ताराने सांगितली. अरॅक्नी ही कापड रंगवणाऱ्या एका साध्या कारागिराची मुलगी. कुळ नाही, संपत्ती नाही, पण विणकामात तिच्यासारखी कोणी नाही. ही विद्या मला देवीने दिली, असे म्हणायला ती नकार देते. अथेना देवीशी तिची स्पर्धा होते. देवी आपल्या वस्त्रात देवांचा महिमा विणते; अरॅक्नी देवांनी बायकांवर केलेले अत्याचार विणते. तिच्या कामात देवीलाही खोट सापडत नाही. तेव्हा देवी ते वस्त्र फाडते, तिला मारते. मुलगी गळफास घेते आणि देवी तिला कोळी करून टाकते. कोळ्यांच्या वर्गाचे शास्त्रीय नाव ‘अरॅक्निडा’ तिच्यावरूनच आले.

ही गोष्ट वाचताना एकलव्य आठवत नाही असा आपल्यातला वाचक विरळा. एकलव्याने मात्र मागितलेला अंगठा दिला. अरॅक्नीने देवांचे चरित्र जसे होते तसे विणून दाखवले, आणि तिचा खरा अपराध तोच होता. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) पासून आपल्या साहित्याने जे केले तेही याच प्रकारचे काम आहे. त्यालाही आधी ‘हे विणकाम नव्हे’ म्हटले गेले. म्हणजे कोळी हे शोषकाचेच प्रतीक असले पाहिजे असे नाही. तो शिक्षा झालेला कारागीरही आहे. आणि मराठीच्या कोष्टी, कातीण या नावांत हा कारागीर आधीपासूनच बसलेला आहे.

पाच : निष्कर्ष

मार्क्सने १८६७ च्या ‘कॅपिटल’मध्ये कोळ्याच्या कामाची विणकराच्या कामाशी तुलना केली आणि दोघांतला फरकही सांगितला : माणूस वस्तू घडवण्याआधी ती मनात घडवतो. जातीचे जाळे याच अर्थाने माणसाचे आहे. ते आधी मनात विणले गेले, ग्रंथांत लिहिले गेले आणि मग गावाच्या नकाशावर उतरले : पाणवठा इकडे, वाडा तिकडे, वस्ती खालच्या अंगाला. कोळ्याला आपले जाळे बदलता येत नाही. माणसाला येते, कारण ते त्याला कधीतरी सुचले होते. बाबासाहेबांनी शास्त्रांच्या पावित्र्यावरच घाव घाला, असे जे सांगितले त्याचा अर्थ हाच, की जाळ्याचे मूळ टोक तिथे बांधलेले आहे.

तेव्हा आपल्या कवींनी ‘जातीचे जाळे’ जरूर लिहावे. पण लिहिताना त्यात माशी आहे की नाही ते पाहावे, विणणारा कोण ते नाव घेऊन सांगावे, आणि आपल्याही बोटांना त्याचा एखादा धागा चिकटलेला आहे का ते तपासावे. आणि आपल्या शिवारातला खरा कोळी मात्र त्या आरोपातून सोडून द्यावा. तो सरीत, बोरीवर, आढ्याला आपले काम करतो आहे, आणि त्याने कोणाचीही जात काढलेली नाही.